मागील पानावरून पुढे

१९८४ सालच्या पावसाळ्यातला एक शनिवार मला अजून बारीकसारीक तपशिलांसह आठवतो. कोल्हापूरच्या पलीकडे एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेची शाखा होती आणि मी तिथे नुकताच अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. वय पंचवीस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात नियमांचे पुस्तक. शनिवारी बँक अर्धा दिवस. दहाच्या ठोक्याला एक प्राथमिक शिक्षक, सगळे गाव त्यांना गुरुजीच म्हणे, भिजलेली छत्री दाराशी टेकवून माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पत्नी मिरजेच्या दवाखान्यात, सोमवारी सकाळी ऑपरेशन, आणि मुलाने मुंबईहून तीन हजार रुपये ‘टी.टी.’ने पाठवलेले.

टी.टी. म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, तारेने पैसे. आता फोनवर बोट टेकवले की पैसे पोचतात, त्यामुळे तरुण वाचकांना हे सांगावे लागते. मुंबईच्या शाखेत पैसे भरायचे, ती शाखा आम्हाला तार करणार, तार आली की आम्ही इथे पैसे देणार. तार खरी आहे हे कळावे म्हणून मजकुराच्या सुरुवातीला एक ‘टेस्ट नंबर’ असे. रक्कम, तारीख, शाखा या प्रत्येकाला एक गुप्त आकडा ठरलेला असायचा. ते आकडे एका छोट्या पुस्तकात, पुस्तक कुलुपात. सगळ्यांची बेरीज म्हणजे टेस्ट नंबर. मजकुरातला एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी बेरीज चुकणार.

साडेदहाला तार आली. रक्कम दोन हजार. मी पुस्तक काढून बेरीज केली. जुळेना.

“गुरुजी, आज पैसे देता येणार नाहीत. तारेत चूक आहे.”

“मुलानं काल ट्रंक कॉल करून सांगितलंय, तीन हजार भरलेत.”

“तारेत दोन आहेत.”

“मग दोन तरी द्या, साहेब.”

पण टेस्ट जुळत नाही म्हटल्यावर ती तार आमच्या लेखी तारच नव्हती. दोन नाही आणि तीनही नाही. मी मनाशी तीन हजार धरून पुन्हा बेरीज केली. तंतोतंत जुळली! धावत मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “जुळतंय हे तुला कळलं, मला कळलं. पण कागदावर काय आलंय? मुंबईला तार कर, पुन्हा पाठवा म्हणावं.” मी तार केली, ट्रंक कॉलही लावून ठेवला. बारा वाजता काउंटर बंद झाले. कॉल काही लागला नाही. गुरुजी उठले, बाजारपेठेतल्या सोनाराकडे पत्नीच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि चारच्या एस.टी.ने मिरजेला गेले.

चूक वाटेत कुठल्या टेबलावर झाली ते कधीच कळले नाही. एक गोष्ट मात्र पुढे वाचनात आली आणि मी चमकलो. मोर्सच्या लिपीत तीनचा आकडा म्हणजे तीन टिंबे आणि दोन रेघा, तर दोनचा आकडा म्हणजे दोन टिंबे आणि तीन रेघा. कुणाच्या तरी कानाला एक टिंब लांबल्यासारखे वाटले की तीनाचे दोन होतात. त्या एका टिंबापायी मी या विषयाच्या नादी लागलो. आज त्याचेच चार शब्द सांगायचे आहेत: संदेश दूर जातो तो कसा, वाटेत त्याला पुढे ढकलणारे ‘रिपीटर’ असतात ते नेमके काय करतात, आणि कुठे चुकतात.

संदेश मुळात थकतो का, ते आधी पाहू. बँकेत आम्ही फर्निचरवर घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढत असू. दरवर्षी उरलेल्या किमतीचा ठराविक हिस्सा कमी. तारेतून जाणाऱ्या सिग्नलचे तसेच आहे, फक्त वर्षाऐवजी मैल धरायचा. समजा, दर मैलाला ताकद निम्मी होते. दहा मैलांवर हजारातला एक भाग उरेल, वीस मैलांवर दहा लाखांतला एक. चक्रवाढ व्याजाने सावकाराचे घर भरते, त्याच गणिताने, उलट्या दिशेने, संदेशाचे घर रिकामे होते.

मग सुरुवातीलाच मोठ्याने ओरडले तर? हा उपाय माणसाला सगळ्यात आधी सुचतो आणि तो फार महागात पडला आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारेची केबल टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचायला सुमारे सोळा तास लागले, इतके क्षीण आणि पुसट ठोके पलीकडे उमटत होते. तेव्हा तिथले विद्युत-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी विजेचा दाब वाढवत नेला, तो जवळजवळ दोन हजार व्होल्टपर्यंत. केबलचे आवरण आधीच कच्चे होते, त्यात हा मारा. काही आठवड्यांतच केबल कायमची मुकी झाली. शिवाय, ओरडून मिळते तरी किती? आपल्या घसाऱ्याच्या हिशेबात आवाज दुप्पट केला तर संदेश फक्त एक मैल पुढे जातो. हजारपट केला तर दहा मैल.

दुसरा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. १३३३ साली हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने महंमद तुघलकाच्या डाकेचे वर्णन लिहून ठेवले आहे. मैलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर एकेक चौकी, तिथे कंबर कसून बसलेले हरकारे, हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढच्याने तयार व्हायचे, टपाल घ्यायचे आणि जिवाच्या कराराने धावायचे. सुलतान दौलताबादेला असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणीसुद्धा, चाळीस दिवसांच्या वाटेवरून, असेच आणत. एकाही हरकाऱ्याने दिल्ली आणि दौलताबाद दोन्ही पाहिली असतील असे नाही. प्रत्येकाने आपला मैलाचा तिसरा हिस्सा ताज्या दमाने पळायचा, एवढेच.

‘रिले’ हा शब्दही तिथलाच, थकलेल्या घोड्याच्या जागी जोडलेला ताजा घोडा. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हेन्री आणि सॅम्युअल मोर्स यांनी हा ताजा घोडा तारेला जोडला. युक्ती साधी आहे. लांबून आलेला मरतुकडा प्रवाह मोठे काम करू शकत नाही, पण विजेच्या चुंबकाने लोखंडाची एक पातळ पट्टी जेमतेम हलवू शकतो. ती पट्टी हलली की दुसऱ्या मंडलाचे बटण दाबले जाते. त्या मंडलाला स्वतःची ताजी बॅटरी. पट्टी हलेल तशी नव्या तारेत नवी, दमदार टिंबे आणि रेघा निघतात. जुना प्रवाह तिथेच संपतो. पुढे जातो तो त्याचा निरोप.

आपल्याकडे सुरुवातीला हे काम माणसे करत. १८५० च्या दशकात ओशॉनेसी या डॉक्टराच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई असे तारेचे जाळे पसरले, तेव्हा मधल्या ठाण्यांवर तारबाबू ठोके ऐकून मजकूर लिहून काढत आणि पुढच्या ठाण्याला पुन्हा ठोकत. माझ्या शाखेपर्यंतसुद्धा तार दोन-तीन हातांतून येई. खात्याचे पान भरले की आम्ही खाली बेरीज मारायचो आणि नव्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहून तोच आकडा मांडायचो. तारबाबूही तेच करत होता. रिपीटर तेच करतो.

टेलिफोन आला आणि गोष्ट अवघड झाली. टिंब-रेघ म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’. माणसाचा आवाज तसा नसतो. त्यात चढउतार, कंप, श्वास. लोखंडी पट्टीला हे झेपणारे नव्हते. हवे होते असे यंत्र जे आलेला आवाज जसाच्या तसा, पण मोठा करील. ली डी फॉरेस्टच्या निर्वात नळीत सुधारणा करून ते मिळाले आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कहून ग्रॅहम बेल सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉटसनशी बोलले. बेल यांनी पहिल्या टेलिफोनवरचे आपले जुने वाक्य पुन्हा उच्चारले, ‘वॉटसन, इकडे या.’ वॉटसन म्हणाले, आता यायचे तर मला आठवडा लागेल!

पण या यंत्राची खोड अशी की ते भोळे असते. आवाजाबरोबर तारेतली खरखरही त्याच्यापर्यंत येते आणि ते दोन्ही मोठे करते. पुढचा रिपीटर ती मोठी झालेली खरखर अजून मोठी करतो, वर स्वतःची थोडी घालतो. शिवाय प्रत्येक यंत्र आवाज किंचित वाकडा करते. शंभर यंत्रांतून गेलेला किंचित वाकडेपणा म्हणजे काय होत असेल! या वाकडेपणावर बेल प्रयोगशाळेतला हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता वर्षानुवर्षे डोके फोडत होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याला उत्तर सुचले. जवळ कागद नव्हता, म्हणून हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने आकृती काढली. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा त्याच्याच तोंडाशी द्यायचा, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच दाबून टाकते. बँकेच्या भाषेत, शाखेतच बसवलेला ऑडिटर. शाखेचा वेग थोडा कमी होतो, पण हिशेब सरळ राहतो.

याच मार्गाने १९५६ साली अटलांटिकखालून टेलिफोनची पहिली केबल सुरू झाली. जाण्यायेण्यासाठी दोन स्वतंत्र केबली, प्रत्येकीत ५१ रिपीटर आणि एका वेळी अवघी ३६ संभाषणे. समुद्राच्या तळाशी बिघाड झाला तर मेकॅनिक पाठवता येत नाही. म्हणून वीस वर्षे हात लावावा लागू नये अशा बेताने नळ्या निवडल्या होत्या. केबल १९७८ पर्यंत चालली. सरकारी कर्मचाऱ्यालाही हेवा वाटावा अशी बिनरजेची नोकरी!

तरी खरखरीचा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याला पॅरिसमध्ये १९३७ साली सापडले होते. तो म्हणाला, आवाज पाठवूच नका. आवाजाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजा आणि ते आकडे पाठवा, तेही फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन खुणांत, एक आणि शून्यात. म्हणजे टेलिफोनला पुन्हा तारेच्या टिंब-रेघेवर आणले. त्याच्या काळातल्या नळ्यांना एवढी घाई जमणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली, अमेरिकेत अशी यंत्रणा व्यवहारात आली. तांब्याच्या तारेवर दर सहा हजार फुटांना एक रिपीटर.

आणि हा रिपीटर जुन्यापेक्षा मुळातच निराळा होता. तो आलेला सिग्नल मोठा करत नाही, तो निर्णय घेतो. ठरलेल्या क्षणी पाहतो: पातळी अर्ध्याच्या वर आहे की खाली? वर असेल तर ‘एक’, खाली असेल तर ‘शून्य’. मग मळलेला, चुरगळलेला सिग्नल टाकून देतो आणि कोरा करकरीत नवा ठोका पुढे पाठवतो. खरखर तिथेच थांबते. आमचा कॅशियर फाटकी नोट बाजूला काढून तेवढ्याच किमतीची नवी देई, तसे. म्हणून हजार रिपीटरांतून गेलेला मजकूर पहिल्यासारखाच स्वच्छ निघू शकतो.

आपल्या मराठीत याचे एक थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढची तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून उतरवली जात राहिली. नकलेवरून नक्कल, त्यात कुणाचा डोळा चुकलेला, कुणी पदरची भर घातलेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली. नाथांनी जुनी प्रत नुसती पुन्हा उतरवली असती तर चुकाही पुढे गेल्या असत्या. त्यांनी मूळ शब्द कोणता असावा हे ठरवले आणि मग लिहिले. यंत्राचे काम त्या मानाने फारच सोपे. नाथांपुढे सगळी भाषा होती, यंत्रापुढे दोनच शब्द.

मात्र निर्णय आला की चुकीचा निर्णयही आला. भोळे यंत्र खरखर पुढे पाठवते, तेव्हा ऐकणाऱ्याला निदान संशय येतो, ‘नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.’ निर्णय घेणाऱ्या यंत्राने एकदा टिंबाला रेघ मानले की ती रेघ ठसठशीत, निःशंक पुढे जाते. माझ्या त्या तारेवर ‘दोन’ अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. खाडाखोड नाही, डाग नाही. टेस्ट नंबर नसता तर मी डोळे मिटून दोन हजार दिले असते. म्हणून निर्णय घेणाऱ्या साखळीत मजकुराबरोबर थोडे जास्तीचे आकडे पाठवावेच लागतात. चूक पकडण्यापुरते.

आणि पकडून थांबायचे का? रिचर्ड हॅमिंग हे गणिती १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर काम करत. ते यंत्र रिलेंवर चाले, त्याच मोर्सच्या काळातल्या पट्ट्यांवर. हॅमिंगना ते मिळे फक्त शनिवार-रविवारी, जेव्हा देखरेखीला कुणी नसे. यंत्राला चूक सापडली की ते काम सोडून पुढच्याचे काम घेई. लागोपाठ दोन आठवडे सोमवारी येऊन पाहतात तो आपले काम झालेलेच नाही! त्यांनी वैतागून विचारले, चूक आहे हे यंत्राला कळते, तर ती कुठे आहे हे शोधून यंत्र ती दुरुस्त का करत नाही?

उत्तर त्यांनी स्वतःच १९५० साली प्रसिद्ध केले. एकाऐवजी तीन-चार बेरजा पाठवायच्या आणि त्या अशा गुंफायच्या की प्रत्येक आकडा वेगवेगळ्या बेरजांत मोजला जाईल. कोणत्या बेरजा चुकल्या यावरून चुकलेला आकडा नेमका हाती लागतो. आणि शून्य चुकले असेल तर ते एकच असणार, दुसरा पर्यायच नाही. आज आपल्या फोनपासून अवकाशयानापर्यंत सगळीकडे हीच कल्पना, पुष्कळ पुढे गेलेल्या रूपात, काम करते.

तिची गरज काचेच्या तंतूंनाही आहे. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाचा संदेश तिच्यातून दूरवर जाईल. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. आजचा उत्तम तंतू किलोमीटरमागे प्रकाशाचा शेकडा साडेचार भाग खातो. फार नाही, असे वाटते. पण घसाऱ्याचा हिशेब करून पाहा. एक मिलिवॅटचा लेझर एका टोकाला लावला तर सेकंदाला सुमारे ७८ लाख अब्ज प्रकाशकण आत शिरतात. मध्ये काहीही मदत नसेल तर हजार किलोमीटरवर, सरासरीने, साडेतीन तासांत एक कण पोचेल!

म्हणून समुद्राखालच्या केबलींत आजही साधारण साठ ते शंभर किलोमीटरवर रिपीटर बसवलेले असतात. १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियम नावाचे दुर्मीळ मूलद्रव्य काचेत मिसळून प्रकाशाला प्रकाशानेच बळ देण्याची युक्ती साधली. नाव रिपीटर असले तरी स्वभावाने हे पुन्हा जुन्या भोळ्या घराण्यातले. ते निर्णय घेत नाहीत, नुसते उजळवतात, आणि साचलेली खरखर शेवटच्या ठाण्यावर हॅमिंगच्या वंशातली गणिते निस्तरतात. त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून, हजारो व्होल्टच्या दाबाने, केबलमधूनच पाठवतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला अशा कितीतरी केबली लागतात. वाळूत खेळणाऱ्या पोरांना त्यांचा पत्ताही नसतो.

घरातल्या एका उपयोगाचेही सांगतो. आमच्या आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हणून मुलाने रिपीटर आणला आणि तो सरळ त्या आतल्या खोलीत लावला. काही फरक पडेना. मी म्हटले, अरे, ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? त्याला मधल्या पॅसेजमध्ये लाव, जिथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे. लावला आणि काम झाले. निवृत्त बापाला सूनमुलासमोर असे विजय क्वचितच मिळतात. पण रिपीटरचे सारे मर्म त्यात आहे. त्याची खरी कसोटी बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. संदेश पुरता विझण्याआधी त्याने तो पकडायला हवा.

सोमवारी दुपारी मुंबईहून दुसरी तार आली. तीन हजार, बेरीज बरोबर. गुरुजी बुधवारी आले. ऑपरेशन नीट झाले होते. पैसे मोजून घेतले, सही केली आणि जाता जाता थांबले.

“साहेब, एक विचारू? तारेत चूक आहे हे तुम्हाला कळलं होतं.”

“हो, गुरुजी.”

“खरा आकडा काय, तेही कळलं होतं?”

मी मान हलवली. त्यांनी पुढे काही विचारले नाही. छत्री घेऊन सोनाराच्या दुकानाकडे निघून गेले. हॅमिंगचा प्रश्न माझ्यापुढे असा, त्यांचे नाव माहीत होण्याच्या कितीतरी आधी, पायऱ्या उतरून गेला होता.

नियमाने माझे काही चुकले नव्हते आणि मॅनेजरसाहेबांचेही नाही. उद्या कुणी लबाड माणूस अशीच तार घेऊन आला तर अंदाजाने पैसे देणारी बँक चालेल कशी? हे मला तेव्हाही पटले होते, आजही पटते. पण नियम बँकेच्या तिजोरीला होता, माझ्या खिशाला नव्हता. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या खात्यात बाराशे रुपये होते. चार वाजेपर्यंत वेळ होता. एस.टी. स्टँड बँकेपासून दहा मिनिटांवर होता. हे गणित मी त्या शनिवारी केले नाही, पुढे मात्र बरेचदा केले आहे.